पहिला पाट

एकदा एका नदीकाठच्या नगरात दिव्यांची व्यवस्था एका तरुण कारभाऱ्याकडे आली. नगराच्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी आणि घाटाच्या पायऱ्यांवर दगडी खांब होते. खांबांवर दिवे होते. वर्षभर त्यांना तेल पुरवण्याचा मक्ता नगर दरवर्षी देत असे. जो कमी भाव सांगेल त्याला मक्ता, असा साधा नियम होता.

कारभारी मनाने निर्मळ होता. नगराबाहेरच्या मठात एका वृद्ध आचार्यांपाशी तो शिकला होता आणि कुणाचा विडाही फुकट घ्यायचा नाही, हे व्रत त्याने पाळले होते. मक्त्यात लबाड माणूस शिरू नये म्हणून त्याने नियम आणखी कडक केले. नगराच्या कोटात स्वतःचे कोठार असलेल्यालाच भाव सांगता येईल. पूर्वी मक्ता सांभाळलेला असला पाहिजे. आणि सगळ्या नगराचे तेल एकट्यानेच पुरवले पाहिजे.

अशा अटींत बसणारे चौघेच व्यापारी होते. चौघेही प्रतिष्ठित, अदबीने बोलणारे. तरीही दरवर्षी तेल महाग होत चालले होते. नगराचा निधी मात्र तेवढाच. म्हणून दरवर्षी कुठली तरी एक गल्ली अंधारात जाई. आधी चांभारवाड्यामागची गेली, मग कुंभारांची. यंदा भाव आणखी चढला, तर घाटावरचे दिवे विझवावे लागणार होते.

ही बातमी घाटावर पोहोचली तेव्हा सगुणा नावाची नावाड्याची बायको कारभाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, पलीकडच्या बाजारातून नावा परततात तेव्हा दिवस बुडालेला असतो," ती म्हणाली. "मधे खडक आहेत. आमची माणसं त्या दिव्यांकडे बघून नाव आणतात. दिवाच नसला, तर नाव लावायची कुठं?"

"भाव उतरेल, ताई," एवढेच कारभारी म्हणाला. पण तो कशाने उतरेल, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

मक्त्याच्या आदल्या दिवशी नगरातर्फे व्यापाऱ्यांना जेवण देण्याची जुनी रीत होती. त्या वर्षी कारभाऱ्याने आपल्या गुरूंनाही आमंत्रण दिले. आपला कारभार किती स्वच्छ आहे हे त्यांनी पाहावे, अशी त्याची इच्छा होती.

आचार्य आले, पाय धुतले आणि कुणी काही म्हणायच्या आत सरळ जाऊन पहिल्या पाटावर बसले.

सभामंडपात वाढपी भाताचे पातेले घेऊन जागीच थांबला. चौघांतले त्रिंबकशेट पुढे झाले आणि हसून म्हणाले, "गुरुजी, तिथं फार वारा येतो हो. इकडे आमच्यात या, मधोमध."

"वारा मला आवडतो," आचार्य म्हणाले.

"तसं नाही," दुसरे एक शेट घाईने बोलले, "तो पाट यंदा धोंडशेटांचा... म्हणजे, थोरले ना ते आमच्यात! थोरल्याचा मान असतो."

धोंडशेट चौघांत सर्वांत धाकटे होते. त्यांच्या मिशीत एकही केस पांढरा नव्हता. ते कानापर्यंत लाल झाले. "बसू द्या, बसू द्या. मी कुठंही बसेन," ते पुटपुटले आणि शेवटच्या पाटावर जाऊन टेकले.

कारभारी मनातून खजील झाला होता. गुरुजींचे वय झाले, रीतभात सुटली, असे त्याला वाटले. आचार्य मात्र निवांत जेवले. जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली. हात धुताना शिष्याला म्हणाले, "उद्या मक्ता धोंडशेटांना मिळेल."

"गुरुजी, लखोटे अजून यायचेत!"

"येऊ देत की."

दुसऱ्या दिवशी चारचौघांसमोर लखोटे फुटले. सर्वांत कमी भाव धोंडशेटांचा निघाला. तो गेल्या वर्षीपेक्षा चढा होता आणि बाकी तिघांचे त्याच्या जरा जरा वर. कारभाऱ्याने कागदाची घडी घातली. मक्त्यावर शिक्का उमटवायचा त्याने उद्यावर टाकला आणि तो थेट मठाकडे धावत सुटला.

आचार्य तुळशीच्या वाफ्याला पाणी घालत होते.

"तुम्हाला कसं कळलं?" शिष्याने धापा टाकत विचारले.

"म्हातारा माणूस भलत्या जागी बसला, तर लोक म्हाताऱ्याकडे बघतात," आचार्य म्हणाले. "त्या चौघांतला कुणी माझ्याकडे बघतच नव्हता. सगळे धोंडशेटांकडे बघत होते. बरं, गेल्या वर्षी त्या पाटावर कोण बसलं होतं?"

शिष्याने आठवून पाहिले. त्रिंबकशेट. मक्ताही त्यांचाच होता. त्याच्या आदल्या वर्षी? तेव्हाही पहिल्या पाटावरच्यालाच मक्ता मिळाला होता. दरवर्षी तो स्वतः पंगतीत उभा राहून आग्रहाने वाढत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत वर्षाचा भाव ठरलेला असायचा.

"पण मी तर कडक अटी घातल्या! लबाडांना दूर ठेवायला."

"बाळ, तू दार लावून घेतलंस ते ठीक. पण आत किती जण उरले, ते मोजलं नाहीस. चौघंच एका खोलीत राहिले आणि त्यांना तूच एका पंगतीला बसवलंस. मग त्यांनी आपसांत झगडावं तरी कशाला? पाळी ठरवून घेणं सोपं होतं, आणि ज्याची पाळी त्याला पहिला पाट. व्यापारी कमी भाव सांगतो तो त्याच्या चांगुलपणामुळे सांगत नाही. शेजारी काय सांगेल हे त्याला माहीत नसतं म्हणून सांगतो. ते न कळणं सांभाळणं हेच तुझं काम. तू स्वतःचे हात स्वच्छ ठेवलेस, यात मला आनंद आहे. पण राखणदाराला नुसते स्वच्छ हात पुरत नाहीत, त्याला डोळेही लागतात."

"माझ्याकडे पुरावा नाही, गुरुजी. पाटावर बसणं हा काही गुन्हा होत नाही."

"शिक्षा करायला पुरावा लागतो. महाग तेल न घ्यायला कशाला हवा?"

शिष्याने आचार्यांच्या हातातली झारी घेतली, उरलेल्या वाफ्याला पाणी घातले आणि तो परतला. येताना धावत आलेला कारभारी जाताना सावकाश चालत होता. काय करायचे ते त्याचे ठरले होते.

सकाळी त्याने सगळे भाव नाकारले. त्रिंबकशेट उसळले, "मग दिवे कशावर लावणार? नदीच्या पाण्यावर? नगरात आमच्याशिवाय तेल आहे कुणाकडे?"

"तेच विचारायला दवंडी पाठवतोय," कारभारी शांतपणे म्हणाला.

दवंडी नदीच्या दोन्ही तीरांवर फिरली. ज्याच्याकडे घाणा आहे त्याने भाव सांगावा. कोठार नसले तरी चालेल. सगळ्या नगराचे तेल जमत नसेल, तर एका गल्लीचे सांगावे. लखोटा मठातल्या बंद पेटीत टाकावा, सवडीने, हव्या त्या दिवशी. कोण येऊन गेले ते कुणालाही सांगितले जाणार नाही, कारभाऱ्यालासुद्धा नाही. आणि यंदा पंगत नाही.

मधल्या काळात जुने तेल संपले. संध्याकाळी घाट काळाकुट्ट दिसू लागला. नावाड्यांच्या बायका घरातल्या पणत्या पदराआड धरून पायऱ्यांवर उभ्या राहू लागल्या. कारभारीही रोज एक पणती घेऊन त्यांच्यात जाई. सगुणा एकदा त्याला म्हणाली, "दादा, असा किती दिवस खांब होऊन उभा राहणार?"

"पेटी उघडेपर्यंत," तो म्हणाला. त्या बोलण्यात आता अडखळणे नव्हते.

पेटी उघडली तेव्हा मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या तीरावरची भागाई तेलीण आली होती. तिचा एक घाणा होता, एक बैल होता, आणि तिने फक्त घाटाच्या दिव्यांचा भाव सांगितला होता. डोंगराकडच्या वाडीतले दोघे भाऊ आले होते. ज्यांची नावेही कारभाऱ्याने ऐकली नव्हती असे कितीतरी लोक होते. आणि ते चौघेही होते. कोण येईल, किती येतील, काही कळत नसल्याने प्रत्येकाने आपला खरा भाव लिहिला होता.

धोंडशेटांचा भाव वाचून दाखवल्याबरोबर त्रिंबकशेट ओरडले, "अरे, परवा तर म्हणत होतास, करडई महागली म्हणून!"

"आणि तुम्ही?" धोंडशेट उलटून म्हणाले, "तुम्ही तर यंदा भाव भरणारच नव्हता!"

सगळा मंडप हसला. हसता हसता लोकांना उमगले आणि हसू हळूहळू विरले. त्रिंबकशेटांनी मान खाली घातली.

घाटाचे दिवे भागाईकडे गेले. काही गल्ल्या वाडीतल्या भावांकडे, काही धोंडशेटांकडे, आणि त्यांनी ते काम चांगले निभावले. कुंभारांच्या आणि चांभारवाड्यामागच्या गल्लीतही पुन्हा उजेड आला. पहिल्या संध्याकाळी भागाईने स्वतः खांबावर चढून वात सारली आणि दिवा लावला. खाली सगुणेने हातातली पणती फुंकर घालून विझवली आणि ती घराकडे वळली. आता तिला तिथे उभे राहण्याचे कारण नव्हते.

पुढे पंगतीची रीत कारभाऱ्याने परत सुरू केली, पण मक्ता ठरून गेल्यानंतरची. त्या जेवणाला आचार्य आले, तेव्हा शिष्याने त्यांना पहिला पाट दाखवला. "आज नको," म्हणत ते भागाईच्या शेजारी जाऊन बसले. मग जो आला तो मोकळी जागा बघून बसत गेला. शिष्य वाढता वाढता पंगतीवरून नजर फिरवत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हते. सगळे आपापल्या पानाकडे बघत होते.

आज आपल्या घरात तेलाऐवजी तारेतून वीज येते. तारांचे, खांबांचे, कोळशाचे मक्ते अजूनही दिले जातात. तिथे मक्ता द्यायला बसलेल्या प्रत्येकाने निविदा उघडण्याआधी एकदा पहिल्या पाटाकडे बघावे.