लांबचा हात

कर्ण्यांचे दिवस सरून मोठे स्पीकर आले, तेव्हाची गोष्ट. एका मांडववाल्याकडे एक दांडगा स्पीकर होता आणि त्याला वाजवणारा ॲम्प्लिफायर. ढोलकीची थाप पडली की ॲम्प्लिफायर स्पीकरचा पडदा ढकलायचा आणि थाप संपताच त्याला धरून थांबवायचा.

"मला कधी मोकळं घुमूच देत नाहीस," स्पीकर कुरकुरायचा.

एका जत्रेत धूळ बसू नये म्हणून मांडववाल्याने ॲम्प्लिफायर लांब टेम्पोत ठेवला. जाड वायर पुरेना, तेव्हा त्याने दारावरच्या घंटीची बारीक वायर जोडली.

पहिली थाप पडली. स्पीकर घुमला, घुमतच राहिला आणि सुखावला. पण तो थांबायच्या आत दुसरी थाप आली, मग तिसरी. सगळ्यांचा मिळून नुसता गडगडाट झाला. पडद्याची कड ताणली, उसवते की काय असं वाटू लागलं.

"माझीच थाप मला ओळखू येईना," ढोलकीवाले तुळजाराम वाजवता वाजवता पुटपुटले.

स्पीकर घाबरला. "दादा, धर मला," तो वायरीतून म्हणाला.

लांबून क्षीण उत्तर आलं, "कधीचा धरतोय रे. या बारीक वायरीतून हातच पोचत नाही."