काजव्याचा राहिलेला धडा

फार जुनी नाही, पण संगणकांच्या जगात आदिकाळातली म्हणावी अशी ही गोष्ट. चार मित्रांनी हौसेने काजवा नावाची संगणकप्रणाली घडवली. तिच्यामुळे भंगारात निघालेले संगणकही चालू लागले आणि काजव्याचं गावोगाव कौतुक झालं. नवं यंत्र आलं, की मित्र सुट्टी घालवून काजव्याला त्या यंत्राची भाषा शिकवत. पुढे मित्र नोकऱ्यांत अडकले.

एकदा त्यांच्यातल्या एकाच्या घरी, काजव्यावर चालणाऱ्या जुन्या संगणकाला जोडायला नवा प्रिंटर आला. "या पाहुणे!" काजवा म्हणाला. प्रिंटर ढिम्म.

"त्याला तुझी भाषा कळत नाही, बाबा," म्हातारा माउस म्हणाला.

"मग मला घडवणारी आपली चार पोरं त्याची भाषा मला शिकवतील की!" काजवा म्हणाला.

पोरं आली. "असं आता कोण बनवतं!" म्हणत गहिवरली, फोटो काढले. पण छपाईची घाई होती, म्हणून त्यांनी काजवा पुसून बाजारातली प्रणाली बसवली.

शेवटच्या क्षणापर्यंत काजव्याला वाटत होतं, आता शिकवायला बसतील.