एकोणीस कागद

मंडळी, एक विचारतो, रागावू नका. भरवसा ठेवायचा तो कुणावर? शिक्का मारून लिहिलेल्यावर, की चुलीपाशी बसून सांगितलेल्यावर? चटकन उत्तर देऊ नका. मी कागद विकून पोट भरलं, तरी मलाही या प्रश्नाला बराच वेळ लागला. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. शिक्क्याचा कागद दिसला की न वाचता कपाळाला लावायचे. एकदा असाच लावलेला कागद त्यांच्याच घरावरच्या जप्तीचा निघाला. तेव्हा आधी बदामबीची गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

फार फार मागे, आपल्या खापरपणज्यांच्याही आधी, वाळकी नदीच्या काठी सांडवगाव होतं. अजून आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं, आणि तळ्याच्या खाली, अगदी बांधाच्या पायथ्याशी, कागदी आळी. कागद करायला पाणी लागतं, म्हणून ही माणसं पाण्याजवळ राहिली. चिंध्या, जुने दोर, अंबाडीच्या काड्या, फुकट गेलेले कागद, सगळं भिजवायचं, पायानं दाबायच्या लाकडी ढेकीखाली कुटायचं, त्याचा लगदा हौदात सोडायचा, आणि गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक पातळ थर उचलायचा. तो ओला कागद गुळगुळीत लिंपलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचा. वाळला की भाताची खळ द्यायची आणि दगडानं घोटायचा, तेव्हा कुठं त्यावर बोरू चालायचा. आळीत कागदी होते, दोन घरं परटांची होती, एक कोळ्याचं. त्या आळीत हौदावर सगळ्यात चपळ हात होता बदामबीच्या लेकीचा. हुसेना तिचं नाव. ती चाळणी उचलायची तेव्हा पाण्याचा आवाजसुद्धा होत नसे, असं म्हणतात.

तळ्याच्या सांडव्याला एक लाकडी दार होतं. पाणी फार चढलं की ते उघडायचं. पण त्याला कुलूप, आणि किल्ली इनामदार भगवंतरावांच्या कमरेला. का? तर दार उघडलं की जादा पाणी इनामदारांच्या पानमळ्यात शिरायचं. सगळ्या गावाचा जीव एका माणसाच्या विड्याच्या पानांना बांधलेला, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. वाटत असेल तर बोलत नव्हते.

त्या वर्षी भाद्रपदात पाच दिवस आभाळ उघडलं नाही. बांधाला पाझर फुटला. आळीतली माणसं वाड्यावर गेली. इनामदार जेवायला बसले होते.

"मालक, दार उघडा. बांध फुगलाय."

"वेली लावून तीन महिने झालेत रे," इनामदार म्हणाले. "मुळं कुजतील. उद्या बघू. घाई करायला तळं काय पळून चाललंय?"

तळं पळून चाललंच. दुपारी, सगळी आळी कामात असताना, बांध फुटला. घटकाभरात आळी नव्हती. बदामबी वरच्या रानात अंबाडी कापायला गेली होती, म्हणून वाचली. खाली आली तेव्हा तिच्या घराची एकच भिंत उभी होती, कागद वाळवायची. बाकी चिखल. एकोणीस माणसं गेली. देह सापडले दोन. सतरा वाळकीनं कुठं नेले, तिलाच ठाऊक. त्या सतरांत हुसेना.

आता माझं रक्त तापतं ते पुढच्या गोष्टीनं. पाण्याला मी दोष देत नाही. पाणी आंधळं असतं. पण त्या वेळी विसाजीपंत नावाचे कुलकर्णी होते, गावचं दप्तर त्यांच्या हाती. त्यांना डोळे होते. त्यांनी इनामदारांच्या ओसरीवर बसून, इनामदारांच्याच मळ्याचा विडा तोंडात घालून लिहिलं: कागदी आळीतील एकोणीस असामी परागंदा. म्हणजे गाव सोडून, न सांगता, पळून गेले. सापडलेले दोन देह वाटसरूंचे ठरवले, म्हणजे आळीतलं मेलं कुणीच नाही. कुणी मेलंच नाही तर मारणारा कोण? किल्लीचं नाव नको, दाराचं नाव नको. दोन शब्दांत एकोणीस माणसं पुन्हा एकदा बुडवली.

आणि लोक कसे असतात पाहा. आठवड्याभरात पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली, "बदामबीची पोर पळून गेली म्हणे. दप्तरात तसं लिहिलंय." काल जिच्या हातचा कागद वापरला, तिच्यावर आज हे!

बदामबी चावडीवर गेली. म्हणाली, "पंत, माझी लेक बुडाली. पळाली न्हाई. तेवढं खोडा. दुसरं काय मागत न्हाई मी."

पंत म्हणाले, "दप्तरात खाडाखोड चालत नाही, बाई. देह आण, मी लिहितो."

तिच्याबरोबर गोदाक्का परटीण होती. ती कपडे पोचवायला वर गावात गेली होती म्हणून वाचली, पण पुरात तिची सून आणि नातू गेले होते. ती काही ऐकून घेणारी नव्हती. "व्हय ओ पंत," ती म्हणाली, "माझी सून परागंदा झाली, आणि भाकर तव्यावरच ठेवून गेली? नातू दोन महिन्यांचा होता माझा. त्यो बी परागंदा? पाळण्यातनं उठून चालत गेला का तुमच्या वाकड्या अक्षरागत?"

पंतांनी दोघींना हाकलून दिलं.

त्यानंतर बदामबी आठ दिवस त्या एकट्या भिंतीपाशी बसून राहिली. जेवली नाही, रडलीही नाही. नवव्या दिवशी तिला दिसलं, की चावडीमागच्या उकिरड्यावर पंतांनी ढीग टाकलाय. पुराचं पाणी चावडीतही शिरलं होतं, आणि भिजून वाया गेलेलं जुनं दप्तर त्यांनी फेकून दिलं होतं. कागद्याचा हात, मंडळी! कागद उकिरड्यावर पडलेला त्याला बघवत नाही. तिनं पदरात भरून तो सगळा ढीग आणला, नदीवर सात वेळा धुतला. शाई वाहून गेली, आणि कागद पुन्हा चिंधी झाला.

मग ती गोदाक्काच्या नव्या खोपटाच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "सुनेचं काय राहिलंय तुझ्याकडं?"

"एक खण हाय. फाटका."

"दे."

"कशाला?"

"तुझी सून दप्तरात न्हाई ना? मग मी तिला कागदात घालते."

गोदाक्कानं खण दिला, नातवाचं टोपरंही दिलं. कोळ्याकडून जाळ्याचा तुकडा आला. कुणाचा पटका, कुणाच्या गोधडीचा कोपरा. ज्यांचं काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या दारातल्या चिखलातून रुजलेलं गवत उपटून आणलं. बदामबीनं कुणाचंच कुणात मिसळलं नाही. प्रत्येकात दप्तराची थोडी चिंधी घातली, पण एका माणसाचा एक लगदा. आणि नियम असा घातला, की ज्याचं माणूस त्यानंच कुटायचं.

चिखलातून उपसून काढलेल्या ढेकीवर बायका उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी नुसता धप्प धप्प आवाज. दुसऱ्या दिवशी शिव्या निघाल्या, पंतांना, इनामदारांना, देवाला. गोदाक्का तर प्रत्येक दणक्याला नवी शिवी घालायची आणि तिला एकही दोनदा घालावी लागली नाही, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी रडू आलं. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "आमची ही भाजीत मीठ फार घालायची," आणि सगळ्या हसल्या, आणि हसता हसता कुटत राहिल्या. दुःख काही कमी झालं नाही हो. ते कसं कमी होईल? पण आठ दिवस जे छातीत दगडासारखं बसलं होतं, ते पायाखाली आलं, हाताला लागलं, पाण्यात सुटलं.

हुसेनाचा लगदा बदामबीनं शेवटी घेतला. त्यात लेकीची ओढणी होती. तिनं चाळणी हौदात घातली आणि उचलली, आणि पाण्याचा आवाज झाला नाही. बदामबीचा हात तसा कधीच चालत नसे. ती दचकली, तिनं शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं, पण काठावर ओली पावलं होती, असं म्हणतात.

एकोणीस कागद भिंतीवर वाळले. तिनं त्यांना खळ दिली, दगडानं घोटले, आणि जपून ठेवले. दप्तराच्या उरलेल्या लगद्याचे साधे कागद काढून तेही भिंतीवर लावले.

इतक्यात दसरा आला. दसऱ्याला नव्या दप्तराची पूजा व्हायची, आणि सुभ्याचा कारभारी त्याच दिवशी पुराचा जबाब ऐकायला येणार होता. पंतांना कोरा कागद हवा. आळीत कागद करणारी उरली एकटी बदामबी. पंत जन्मात पहिल्यांदा त्या आळीत उतरले आणि भिंतीवरचे कागद स्वतःच ओरबाडू लागले.

"पंत, कच्चे हायत ते," बदामबी म्हणाली. "खळ द्यायचीय अजून."

"तू मला कागद शिकवतेस?" पंत म्हणाले. "तीस वर्षं लिहितोय मी."

तीस वर्षं कागदावर जगलेला माणूस, पण कागद कसा होतो हे बघायला एकदा वाकला नव्हता! घेऊन गेले.

चावडीसमोर सगळा गाव जमला. कारभारी बसले, शेजारी इनामदार. पंत वाचू लागले. पाऊस वाचला, बांध वाचला, मग "कागदी आळीतील एकोणीस असामी..." म्हणाले आणि थांबले.

"पुढं?" कारभारी म्हणाले.

"सरकार, शाई फुटली. लिहिताना नीट होती."

"परत लिहा. इथंच."

पंतांनी दुसरा कागद घेतला, बोरू टेकवला. 'परागंदा' शब्द पसरला, काळा डाग झाला. तिसरा घेतला, तेच. बाकी सगळी अक्षरं मोत्यासारखी उभी, आणि तेवढाच एक शब्द कागद गिळत होता, असं म्हणतात. आता मी कागदाचा व्यापारी. कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावून खळ आहे की नाही सांगतो. मला विचाराल तर कच्च्या कागदावर सगळीच अक्षरं फुटतात, तो कागद निवड करत बसत नाही. पण हे मी एकदा सांडवगावात बोललो, आणि एका म्हातारीनं माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. तेव्हापासून बोलत नाही.

कारभाऱ्यांनी बोरू खाली ठेवायला सांगितला, आणि गावाला विचारलं, "एकोणीस माणसांचं काय झालं?"

सगळा गाव जमिनीकडे बघू लागला. मला सगळ्यात जास्त संताप याच जागी येतो. शे-दीडशे माणसं उभी होती, आणि प्रत्येकानं बांध फुटताना ऐकला होता!

बदामबी पुढं झाली. एकोणीस कागद तिनं कारभाऱ्यांच्या पुढ्यात ठेवले. "सरकार, मला लिहिता येत न्हाई," ती म्हणाली. "उजेडात धरा."

"वेडी आहे ती," इनामदार म्हणाले. "रद्दी दाखवतेय."

कारभाऱ्यांनी एक कागद उन्हात धरला. आत खणाचे लाल धागे दिसले. "ही जनाई परटीण," बदामबी म्हणाली. दुसऱ्यात टोपऱ्याचा काठ. "ह्यो तिचा लेक. नाव ठेवायचं राह्यलं." तिसऱ्यात जाळ्याची गाठ. ती एकेक नाव घेत गेली, आणि ज्याचं नाव निघे त्याचं माणूस कागदातून समोर बघे, असं म्हणतात. शेवटच्या कागदाला तिला नाव घेता येईना. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हुसेना." मग दुसरं कुणी म्हणालं. मग सगळा गाव म्हणाला. "हुसेना बुडाली. आम्ही बघितलं. दार उघडलं नव्हतं."

कारभाऱ्यांनी पंतांच्या हातात बोरू दिला. त्या एकोणीस कागदांवर एकोणीस नावं आणि पुढं 'सांडव्याचं दार न उघडल्यानं बुडून मृत्यू', असं पंतांना स्वतःच्या हातानं लिहावं लागलं. बाळापुढं लिहिलं, 'जनाईचा मुलगा'. एकही अक्षर फुटलं नाही.

इनामदारांना काय शिक्षा झाली म्हणाल, तर काही नाही. गावात सांगतात की त्यांच्या मळ्यात पुन्हा पान फुटलं नाही. मी चौकशी केली. चांगलं फुटलं, दहा वर्षं फुटलं, आणि इनामदार म्हातारे होऊन अंथरुणात मेले. गोष्ट गोड व्हावी म्हणून मी खोटं सांगणार नाही. फक्त किल्ली तेवढी काढून घेतली गेली.

आज सांडवगावात सांडव्याच्या दाराला कुलूप नाही. कडी आहे, आणि पाणी चढलं तर ती शेंबडं पोरही उघडू शकतं, कुणाला विचारायचं नाही. आणि दसऱ्याच्या आधी आठ दिवस, वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं ते घर त्याचा एखादा कपडा आणि त्याचे कागद घेऊन नदीवर येतं. शाळेच्या वह्या असतात, औषधाच्या चिठ्ठ्या असतात, लग्नाच्या पत्रिका असतात. घरचं माणूस स्वतः कुटतं, स्वतः चाळणी उचलतं. हिंदू नाही, मुसलमान नाही, सगळ्यांचा हौद एक, आणि पहिला कागद बदामबीच्या नावानं कोरा ठेवतात. बाकीच्यांवर नाव लिहितात, आणि माणूस कशानं गेलं ते लिहितात. विहिरीत ढकलली तर ढकलली. दवाखाना वेळेवर मिळाला नाही तर मिळाला नाही. 'देवाची मर्जी' असं लिहायला त्या गावात बंदी आहे.

तुमच्याकडेही कसली ना कसली वही असेलच. शाळेची हजेरी असेल, मजुरांचं हजेरीपुस्तक असेल, पंचायतीचा दाखला असेल. एवढी विनंती करतो, तिच्यातला माणसांचा हिशेब खरा ठेवा. जितकी होती तितकी लिहा, आणि जशी गेली तशी लिहा.