यक्षिणीचे दोन झरे

डोंगरांच्या कुशीत एक चिमुकलं राज्य होतं बरं का. तिथल्या राजाची लेक केतकी. एका सकाळी ती उठायला गेली, तर पायाची बोटं दगडाची! दुसऱ्या दिवशी घोटे. मग दगड रोज थोडा थोडा वर चढायला लागला.

राजा धावला डोंगरावरच्या यक्षिणीकडं. यक्षीण म्हणाली, "महिन्याभरात दगड काळजाला भिडेल. माझा ऊन पाण्याचा झरा दर सहा दिवसांनी वाहतो, गार पाण्याचा दर आठ दिवसांनी. आज दोन्ही वाहून गेले. पुन्हा ज्या दिवशी दोन्ही एकदम वाहतील, त्या दिवशी दोन्हींचं ताजं पाणी तिच्या पायांवर घाल. पण चुकीच्या दिवशी घागर घेऊन आलास, तर दोन्ही कायमचे आटतील."

मग राजानं दरबार भरवला. सेनापती म्हणाला, "सहा नि आठ चौदा. चौदाव्या दिवशी जाऊ."

"चौदाव्या दिवशी दोन्ही कोरडे!" जोशीबुवा म्हणाले. "सहा आठे अठ्ठेचाळीस. त्या दिवशी दोन्ही नक्की वाहतील."

राजा मटकन खाली बसला. "तोवर लेक राहील का हो माझी?"

केतकीला दूध पाजून वाढवणारी दाई होती, सगुणा. ती पुढं आली. तिनं चिंचोके मागवले, एका दिवसाचा एक चिंचोका. आधी आठ चिंचोके मांडले आणि सहा-सहाचे ढीग करू लागली. एक ढीग झाला, दोन उरले. मग आणखी आठ घातले, झाले सोळा. दोन ढीग झाले, चार उरले. मग आणखी आठ घातले, झाले चोवीस. चार ढीग झाले, आणि एकसुद्धा चिंचोका उरला नाही!

सगुणानं ढीग मोडले. तिनं पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाली, "महाराज, जोशीबुवांचं चूक नाही. पण त्याच्या आधी एकदा दोन्ही झरे भेटतात. चोविसाव्या दिवशी."

मग काय, वाट बघणं आलं. दगड गुडघ्यांवर गेला, कमरेवर गेला. चोविसावा दिवस उजाडला तेव्हा केतकीला धड बोलताही येईना.

सगुणा पहाटेच डोंगर चढली. बघते तर एकीकडं वाफा, एकीकडं बर्फासारखं पाणी, दोन्ही झरे खळाळतायत! तिनं दोन घागरी भरल्या आणि धापा टाकत खाली आली. पायांवर पाणी ओतलं. आधी कंबर हलली, मग गुडघे, मग बोटं.

"सगुणाई," केतकी म्हणाली, "पाय गारठलेत गं. चोळ ना जरा."

सगुणा पाय चोळत बसली, आणि राजा शेजारी बसून मोठ्यानं रडला. मग सगळी पोटभर जेवली आणि पुढं सुखानं नांदली.

चला, पांघरुणं घ्या आता. मिटा डोळे.