चौथा कोपरा

किती जुनी गोष्ट, ते विचारू नका. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाला एकच विहीर होती, एवढं पुरे. विहीर एकच म्हटल्यावर पाण्याबरोबर बोलणंही तिथूनच घरोघर जायचं.

एका सकाळी एक शेजारीण घागर घेऊन विहिरीवर पोचली. दोघी बायका कुजबुजत होत्या. "देवीची गोधडी तिनं आपल्या हातानं उसवली गं! आणि मग देवीनं तिथल्या तिथं तिला..."

शेजारणीची चाहूल लागली, तशा दोघी गप्प झाल्या आणि घागरी उचलून चालत्या झाल्या.

अर्धं ऐकलेलं कुणाला पचतं? शेजारीण रिकामी घागर घेऊन तशीच, देवीची गोधडी शिवणाऱ्या गोधडीवालीच्या घरी गेली.

या गोधडीवालीचा टाका मुंगीच्या रांगेसारखा बारीक आणि सरळ. लेक लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा तिनं नवस बोलला होता, की दर जत्रेला देवीच्या पालखीत नवी गोधडी अंथरीन. अकरा वर्षं नवस चुकला नाही. सुईला मात्र तिनं घरात कुणाला हात लावू दिला नाही.

यंदा नदीवरून ओल्या गोधड्यांचा भारा आणताना तिची पाठ धरली. वैद्यानं सांगितलं, "दोन पौर्णिमा फळीवर निजून राहायचं. मध्येच उठून बसलीस, तर जन्मभर काठी धरावी लागेल." म्हणून अर्धी राहिलेली गोधडी नवरा, सासू आणि लेक शिवायला बसले.

शेजारीण दारात आली. नवऱ्यानं घागरीकडे पाहिलं. "या वहिनी. विहीर आटली वाटतं आज?"

"आटू दे! काय गं, काय उसवलंस तू?"

गोधडीवाली फळीवर पडली होती. डोळे रडून सुजले होते. "चार बोटं उसवली. काल सगळी शेतावर गेली, तेव्हा. यांचे टाके बघ तरी! बैलाची झूल शिवल्यासारखे. देवीला त्यावर कशी बसवू?"

"देवी बसेल कशावरही," सासू म्हणाली. "तू उठून बसू नकोस, म्हणजे झालं! आम्ही आलो, तर ही भिंतीला टेकून वाकडी झालेली. ना उठता येतंय, ना निजता येतंय. वैद्यबुवा म्हणाले, आता दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. आणखी एकदा उठली, तर माझ्याकडे येऊ नका."

जत्रा आठ दिवसांवर आली होती. गोधडीवालीची नजर अजून सुईवरच होती. "माझ्या हातचे टाके नसले, तर नवस माझा कसला? मी बसते थोडी. घटकाभरच."

लेक रडायला लागली. नवऱ्यानं सुई खाली ठेवली. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

"नवस तू बोललीस, खरं आहे," तो म्हणाला. "पण लेक तापात होती, तेव्हा तिच्या उशाशी माझी आईही बसली होती. मीही बसलो होतो. आम्ही देवीला काहीच म्हटलं नसेल का?"

 अकरा वर्षांत हे गोधडीवालीच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग ती हळूच म्हणाली, "दोरा आखूड घ्या हो. लांब दोऱ्याचा गुंता होतो. आणि आत्याबाई, तुम्ही कडेचं धरा, तिथं नजर कमी लागते." शेजारणीकडे वळून म्हणाली, "तू काय उभी? ती घागर ठेव आणि ठिगळं रंगाप्रमाणे लाव."

आठ दिवस ते घर असंच चाललं. फळीवरून हुकूम सुटायचे, खाली चुका व्हायच्या आणि सगळी हसायची. सासूनं तर एकदा आपला पदरच गोधडीला शिवून टाकला. हसताना पाठीत कळ यायची, तरी गोधडीवाली हसायची.

त्या गावात नवी गोधडी उपाशी ठेवत नसत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालून मगच तो शिवायचा. तीन कोपरे तिघांनी शिवले. चौथा त्यांनी तिच्या छातीवर आणून धरला. तिनं निजल्या निजल्या घास आत ठेवला आणि सात टाके घातले. तेही जरा वाकडेच पडले.

जत्रेला गोधडी नवऱ्यानं नेली. देवळातल्या म्हाताऱ्या गुरवीणबाईंना दिसत कमी, म्हणून त्या हातानं चाचपून बघायच्या. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच मोठी गाठ. 

म्हातारी हसली. "दरवर्षी एकटीच यायची रे. यंदा सगळं घर आलंय." आणि तिनं ती गोधडी पालखीत अंथरली.

दोन पौर्णिमा उलटल्या, तशी गोधडीवाली काठीशिवाय दारापर्यंत चालत आली.

शेजारीण मात्र जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीवर हजर होती. "अगं, उसवली हे खरं. पण चारच बोटं! आणि देवीनं काही केलं नाही तिला. पाठीला केलं ते तिच्याच हट्टानं. देवी तर मजेत बसली त्या गोधडीवर. एका कडेचं ठिगळ माझं आहे, सांगून ठेवते."

तात्पर्य: दुखण्यात देवावर भरवसा ठेवावाच, पण आपल्या माणसांच्या अडाणी हातांवरही ठेवावा.