अळणी पंधरवडा

“...मग दार उघडत का नाही, बाबा?”

डॉक्टर विनता राऊळ हे विचारत होत्या, तेव्हा मी मठाच्या ओसरीवर लाल भोपळा चिरत बसलो होतो.

विनताताई कॉलेजात होत्या तेव्हापासून आमच्या मठात येतात. आजवरचे त्यांचे प्रश्न म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाचे प्रश्न. बाबांनी फक्त मान डोलवायची. आजचा प्रश्न तसला नव्हता. आवाज चिरका झाला होता.

धाकूबाबा भिंतीला टेकून बसले होते. ऐन वैशाखात अंगावर घोंगडी.

त्यांनी उजवा तळहात पुढे केला.

ताईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

“तात्या, तुम्हीच सांगा,” त्या माझ्याकडे वळल्या. “आमटीत मीठ पडलं होतं का?”

“नाही.”

“भाकरीच्या पिठात?”

“नाही.”

“सवयीनं पडतं हो. चुकून एखादी चिमूट...”

मी विळी आडवी केली. मठाचा स्वयंपाक मी करतो. तो पंधरवडा बाबांबरोबर मीही अळणी जेवलो होतो, आणि माझा स्वभाव त्यात पार बिघडून गेला होता.

“ताई, तुम्ही एक दिवसाआड येऊन माझी पातेली चाटून बघत होतात,” मी म्हणालो. “आता काय मला शपथ घालणार?”



बाबांचा हात तसाच पुढे होता.

भानगड अशी होती. बाबांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, गळा साफ केला. पण थोड्या पेशी आधीच छातीत जाऊन बसल्या होत्या.

ताईंचं सगळं संशोधन त्याच पेशींवर. त्यांनी आम्हाला इतक्यांदा समजावलं होतं की मला ते पाठ झालं आहे. थायरॉइडच्या पेशीला एक दार असतं. रक्तातलं आयोडीन त्या दारातून आत ओढलं जातं. कर्करोग झाला तरी पुष्कळदा ते दार टिकून राहतं. मग डॉक्टर किरणं सोडणारं आयोडीन देतात. पेशी ते आपणहून आत घेते आणि मरते.

मात्र त्याआधी पेशीला भुकेलेलं ठेवावं लागतं. बाजारच्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, म्हणून मीठ बंद. दूध बंद, मासे बंद. थायरॉइडची नेहमीची गोळीही बंद; ती आता पुन्हा सुरू झाली, तरी बाबांची थंडी गेली नव्हती. दिवसभर पेंगायचे, चेहरा सुजायचा, बोलणं जड झालं होतं.

एवढं सोसून झाल्यावर तपासणीसाठी आयोडीनचा छोटा डोस दिला. छातीचा फोटो काढला.

फोटो कोरा. एक ठिपका उजळला नाही.

“पेशी तिथे आहेत,” ताई म्हणाल्या. “दुसऱ्या तपासणीत दिसतात. पण आयोडीन घेत नाहीत. म्हणजे दार गेलं. काही पेशी दार बनवायचंच विसरतात. काही बनवतात आणि आतच ठेवून देतात, भिंतीपर्यंत आणतच नाहीत...”

“मग?” मी विचारलं.

“मग माझं औषध. त्यानं पेशीला दार परत आठवतं. सगळ्यांत नाही, पण काहींत. सोमवारपासून सुरू करायचं म्हणते.”

“बाबांच्या वयाच्या कुणाला दिलंय?”



“नाही. अजून नाही. हृदयावर ताण येतो... पण दुसरा रस्ता नाही, तात्या. फक्त बाबांनी हो म्हणायला हवं.”

त्या बाबांकडे वळल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना तो हात दिसला.

“अरे हो,” त्या पुटपुटल्या.

आमच्या मठाची रीत आहे. प्रश्न घेऊन येणाऱ्यानं मीठ आणायचं. चिमूटभर बाबांच्या तळहातावर ठेवायचं, बाबा ते जिभेला लावतात, आणि मगच प्रश्न ऐकतात; मीठ चाखणाऱ्यानं त्या माणसाचं ओझं वाटून घेतलं, असं आम्ही मानतो. पूर्वी खाली खाडीला मिठागरं होती, लोक तिथले खडे आणत. मिठागरं बुजली. आता टेकडीच्या पायथ्याच्या टपरीवर पुडी मिळते.

ताईंनी पर्समधून पुडी काढली. तिचं तोंड आधीच फाडलेलं होतं, वर रबर लावलेलं. त्यांनी चिमूट घेतली, बाबांच्या हातावर ठेवली.

बाबांनी हात तोंडाशी नेला. तळहात चाटून साफ केला.

“बोल गो बाय. कुठला दार?”



ताई बाबांच्या ओल्या तळहाताकडे बघत होत्या. मग हातातल्या पुडीकडे. पुडीवर हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आयोडीनयुक्त.

“बाबा...”

“हं.”

“त्या पंधरवड्यात... लोक येत होते?”

माझ्या हातातला भोपळा तसाच राहिला. येत होते का? बाबा आजारी म्हटल्यावर रीघ लागली होती. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यानं आयुष्यात कधी प्रश्न विचारला नाही, तोही विचारून गेला.

“येत होते की,” बाबा म्हणाले.

“आणि तुम्ही सगळ्यांचं...”

“रोज. सगळ्यांचा.”

“मी काय सांगितलं होतं तुम्हाला?” ताईंचा आवाज चढला. “मीठ बंद म्हटलं होतं ना?”

“जेवणातला बंद केला ना. तात्याला इचार.”

“पण हे...”

“हा कुठं जेवण हाय?”

ताई खाली बसल्या. फरशीवरच.

“मीसुद्धा दिलं,” त्या म्हणाल्या. “दर खेपेला. आधी मीठ ठेवायची तुमच्या हातावर आणि मग विचारायची, बाबा, पथ्य नीट चाललंय ना...”

“इचारायचीस खरी.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

“तू दिलास. मी घेतला.”

मला रडावं की हसावं कळेना. या बाईनं माझी पातेली तपासली, डबे तपासले, हळदीच्या बरणीचा वास घेतला. आणि पुडी तिच्याच पर्समध्ये.

पण ताईंकडे बघितलं आणि माझा राग बसला. त्यांचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

“म्हणजे दार असेलही,” त्या स्वतःशीच बोलत होत्या. “उघडंही असेल. रक्तात आयोडीन इतकं झालं असेल की आमचा एवढासा डोस त्यात हरवून गेला... किंवा दार खरंच नसेल. फोटो तर दोन्हीकडे कोराच येणार.”

“मग काय समजायचं?” मी विचारलं.

“काहीच समजत नाही.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग त्या बाबांना म्हणाल्या, “मला आनंद व्हायला हवा. माझं औषध कदाचित लागणारच नाही. आयोडीनच्या साध्या उपायानं तुम्ही बरे व्हाल. आणि मला... बाबा, मला वाईट वाटतंय. पहिलं यश तुमच्यावर मिळावं असं मनात धरून बसले होते मी. लाज वाटते सांगायला.”

“सांगितलास ना आता.”

“काय करू मी?”

“तुना काय वाटतं?”

“पुन्हा करायला हवं. गोळी पुन्हा थांबवायची. पुन्हा पंधरा दिवस अळणी, आणि या वेळी एक कणही नको. कुणाचाही नको. मग तपासणी. तेव्हाही फोटो कोरा आला, तर मग औषधाचं बघू.”

“औषध कुठं पळतंय?”

“नाही पळत. पण तुमच्या छातीतल्या पेशीही थांबणार नाहीत. हा पंधरवडा वाया जाता कामा नये. पंधरा दिवस मठाचं दार बंद ठेवा, बाबा. कुणाला वर येऊ देऊ नका.”



बाबांचा नकार मला कळतो. ओठ थोडे पुढे येतात. तसे आले.

“बाबा, ही हट्टाची वेळ नाही,” मी म्हणालो. मलाही भीती वाटत होती. या माणसाशिवाय मठात माझं कुणी नाही.

“मीठ नाय घेतला तर ती माणसं जातील कुठं?”

“पंधरा दिवस थांबतील,” ताई म्हणाल्या.

“तू थांबलीस?”



एवढ्यात पायऱ्यांवर चप्पल वाजली. पलीकडच्या पाड्यावरची पारूबाय वर आली. तिचा मुलगा जहाजावर नोकरीला गेला आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा फोन नाही. तिनं पदराच्या गाठीतून पुडी सोडली, बाबांसमोर वाकली, आणि चिमूट धरलेला हात पुढे केला.

तिला अडवायला ताईंनी हात उचलला.

बाबांनी आपला उजवा हात मांडीखाली घातला.

पारूबाय तशीच वाकलेली राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे. असं कधी झालं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाबा, मी काय केला?”

बाबा थोडे सरकले. भिंतीशी, आपल्या शेजारी, एका माणसापुरती जागा केली. आणि हनुवटीनं ताईंना खूण केली.

“मी?” ताई म्हणाल्या. “नाही बाबा. मी काय सांगणार लोकांना?”

बाबांनी डोळे मिटले.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी विळी सरळ केली आणि भोपळ्याला लागलो. मला तरी काय कळत होतं?

शेवटी त्या उठल्या. बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि बिचकत तळहात पुढे केला. पारूबायनं क्षणभर विचार केला. मग मीठ त्या हातावर ठेवलं.

“माझा पोरगा जित्ता हाय का नाय?” तिनं विचारलं. “त्याची वाट बघू, का नको?”



ताई हातावरच्या मिठाकडे बघत राहिल्या. बोटानं त्यांनी ते थोडं पसरलं. किती भरेल, त्यात आयोडीन किती असेल, असलाच काहीतरी हिशेब चालला असणार.

“बाबा,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “मला खरंच माहीत नाही हो...”

बाबांनी डोळे उघडले नाहीत. हातही मांडीखालून काढला नाही.

“मोजू नको गो बाय. चाख.”