बारा गाड्या, बारा तांबे

एकदा एका गावात एक माणूस तहानेपायी हरला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या धाकट्या भावाने पाण्यापायी हरायची जय्यत तयारी चालवली. ही त्या धाकट्याची गोष्ट.

गाव खानदेशातले. तिथे चैत्रात खंडेरायाची यात्रा भरे आणि यात्रेत बारा गाड्या ओढल्या जात. बारा बैलगाड्या एकीमागे एक जोडायच्या, त्यांत माणसे दाटीवाटीने बसवायची, आणि पुढच्या गाडीचा दोर कमरेला बांधून एकाच माणसाने ती सगळी माळ वेशीपासून देवळापर्यंत ओढून न्यायची. बैल नाहीत, दुसरा कुणी नाही. त्या माणसाला भगत म्हणत, आणि हा मान पिढ्यान्‌पिढ्या नथूच्या घराण्याकडे होता.

मागल्या वर्षी नथूचा थोरला भाऊ भिला गाड्यांपुढे उभा राहिला. भगताने त्या दिवशी उपास धरायचा अशी रीत होती. पण भिलाने आदल्या सकाळपासून पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नाही. लोक म्हणाले, वा, याला म्हणतात निष्ठा! अर्ध्या वाटेत, चिंचेपाशी, भिलाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो कोसळला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. सकाळी वाहवा करणारेच संध्याकाळी म्हणू लागले की या घरावर देवाचा कोप झाला आहे. लोकांच्या जिभेला हाड नसते ते असे. भिला वाचला, पण त्या दिवसापासून तो मान खाली घालून शेतात जाई आणि मान खाली घालून घरी येई. चौकात त्याने पाऊल टाकले नाही. पंचांनी सांगून टाकले की यंदा धाकट्याने गाड्या देवळापर्यंत नेल्या तर ठीक, नाही तर मान दुसऱ्या घराकडे जाईल.

नथूला मानाची चिंता होतीच, पण त्याहून जास्त चिंता भावाची होती. भिलाचे खाली गेलेले डोळे त्याला पाहवत नव्हते. आपण गाड्या नेल्या तरच हे डोळे वर होतील, हे त्याने मनाशी पक्के धरले होते. अशा माणसाला कुणी काहीही सांगावे आणि त्याने ते ऐकावे.

सांगणारा भेटला तो बाजारात तांब्यापितळेची भांडी विकणारा एक व्यापारी. त्याने भिलाची हकीकत ऐकली आणि मोठ्या ज्ञानी चेहऱ्याने मान डोलावली. "अहो, देह म्हणजे बहुतेक पाणीच. पाणी कमी पडलं म्हणून तुमचे बंधू पडले. गाड्या किती? बारा ना? मग रोज बारा तांबे प्यायचे. गाडीमागे एक." हिशेब इतका सरळ होता की नथूला तो देवानेच सांगितल्यासारखा वाटला. व्यापाऱ्याने त्याला एक भला मोठा तांब्याही विकला, हे वेगळे सांगायला नको.

त्या दिवसापासून नथू पाणी पिऊ लागला. तहान असो वा नसो, तांब्या तोंडाला. जेवणाआधी पाणी, जेवणावर पाणी, आणि पाण्यावर पाणी. अर्धा दिवस पिण्यात जाई आणि उरलेला शेताच्या बांधाकडे धावण्यात. सरावाला दगडांनी भरलेली गाडी ओढायला लागला की पोटात डुचमळे, पायांत गोळे येत, डोके जड होई. 'अजून कमी पडत असेल,' असे म्हणून तो आणखी एक तांब्या रिचवी.

गाडी ओढायची विद्या तो ज्यांच्याकडे शिकत होता, त्या वृद्ध गृहस्थांना सगळे बाबा म्हणत. एके काळी त्यांनीही या गाड्या ओढल्या होत्या. आता ते वेशीवरच्या निंबाखाली पाणपोई चालवत. एका सकाळी सराव करता करता नथू गाडी सोडून बाजूला बसला आणि भडाभडा ओकला. नुसते पाणी पडले. बाबा जवळ येऊन उभे राहिले.

"काय रे, किती पाणी पिऊ राहिला तू?"

"रोजचे बारा तांबे, बाबा."

"बाराच का?"

"गाड्या बारा आहेत ना."

बाबा हसले नाहीत. मला ही गोष्ट सांगतानाही हसू आवरत नाही, पण ते हसले नाहीत, यावरून त्यांचा मोठेपणा ओळखावा. ते म्हणाले, "उद्यापासून सराव बंद. माझ्या जागी पाणपोईवर बसायचं. येईल त्याला रांजणातून दोन ओगराळी पाणी द्यायचं. ना कमी, ना जास्त. आणि ते पिऊन संपवल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही."

"पण बाबा, यात्रा तोंडावर आली!"

"म्हणूनच तर," बाबा म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

नथूला या आज्ञेचा अर्थ कळेना. पण गुरूच्या शब्दापुढे जायचे नाही, एवढे त्याला माहीत होते. दुसऱ्या दिवशी तो लांब दांड्याचे ओगराळे घेऊन रांजणाशी बसला.

आधी आला खाणीवरचा पाथरवट, दगडाच्या धुळीने पांढरा झालेला. दोन ओगराळी त्याने एका दमात संपवली आणि ओंजळ पुन्हा पुढे केली. "बस, एवढंच," नथू म्हणाला. पाथरवटाने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "अरे, एवढ्यानं माझ्या मिशा ओल्या नाही झाल्या! पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" मग आले शेजारच्या गल्लीतून छत्री धरून सावकाश चालत येणारे गुरुजी. त्यांना घोटभर पुरे होते. नथूने आग्रह करकरून दुसरे ओगराळे पाजले, आणि गुरुजी पोटावर हात ठेवून, पुटपुटत गेले. कडेवर तान्हे घेतलेली एक बाई आली, तिला दोनांनी काहीच झाले नाही. "भाऊ, हे लेकरू सगळं ओढून घेतं रे माझ्यातलं," ती म्हणाली, तरी नियम तो नियम. एक खूप म्हातारे आजोबा नुसते सावलीला टेकले होते. त्यांचे ओठ चिरलेले, पण ते म्हणत होते, "मला तहानच नाही, पोरा." नियमापायी नथूने त्यांना पाजले, आणि थोड्या वेळाने आजोबांच्या डोळ्यांत अशी तरतरी आली की ते स्वतःच चकित झाले.

पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. नथूला आता ओगराळे हातात धरायचाही कंटाळा आला होता. तिसऱ्या प्रहरी एक जोडपे आले. नवऱ्याचे पाय सुजून खांबासारखे झालेले, दोन पावले चालला की धाप लागत होती. त्याने घोटभर पाणी घेतले आणि थांबला. नथू दुसरे ओगराळे ओतणार, इतक्यात बायकोने त्याचा हातच धरला.

"थांब रे! वैद्यांनी यांना मोजून मापून पाणी सांगितलंय. जास्त झालं की छातीत पाणी होतं. जीव घेतो का माझ्या माणसाचा?"

नथूचा हात हवेतच राहिला. त्या बाईच्या डोळ्यांतली भीती त्याने आपल्या आईच्या डोळ्यांत पाहिली होती, भिला पडला त्या दिवशी. त्याला स्वतःचीच लाज वाटली. ओगराळे रांजणावर ठेवून तो तडक बाबांकडे गेला.

"बाबा, एवढं काम मला सांगू नका. एकच माप सगळ्यांना कसं चालेल? ज्याला हवं त्याला पुरत नाही, ज्याला नको त्याला मी कोंबतो. आज तर एका माणसाचं वाईटच झालं असतं माझ्या हातून."

आता मात्र बाबा हसले. "दोन दिवसांत तुला कळलं की गावाला एक माप चालत नाही. मग तेच माप तू रोज स्वतःला का लावतो? तू तरी रोज तोच असतो का? सरावाच्या दिवशी तू पाथरवट, पावसाळी दिवशी तू गुरुजी. भिलानं तहानेचं तोंड दाबलं. तू तिला तोंड उघडूच देत नाही. दोघांनी तिचं ऐकलं कुठं? ऊन किती, घाम किती, ते बघायचं. तहान लागली की प्यायचं, आणि कष्ट मोठे असले तर ती ओरडायची वाट बघायची नाही, घोट घोट घेत राहायचं. घाम गळला की मीठही गळतं, म्हणून ताकात चिमूटभर मीठ. आणि सकाळी मोरीत खाली बघायचं. लघवी पिवळीजर्द दिसली तर पाणी कमी झालं. पाण्यासारखीच दिसू राहिली आणि सारखं पळावं लागलं, तर जास्त झालं. ताकाच्या निवळीसारखी असली की देह राजी आहे असं समजायचं."

"पण यात्रेच्या दिवशी पाणी प्यालो, तर लोक काय म्हणतील?"

"देवाला उपास बोलला होता तो अन्नाचा. पाणी कुणी सोडायला सांगितलं? एकानं हौसेनं सोडलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, की दुसऱ्यानं त्याहून जास्त सोडायचं. भिलाला मी सांगितलं होतं. पण माझ्या एकट्याच्या आवाजापेक्षा वाहवा मोठी निघाली."

घरी जाऊन नथूने बाबांचे शब्द जसेच्या तसे भिलाला सांगितले. भिलाने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "पाणी मी देईन तुला. तुझ्याबरोबर चालेन."

नथूने सराव पुन्हा सुरू केला. पोट हलके झाले, पायांतले गोळे गेले. उन्हात गाडी ओढली की तो भरपूर पिई, सावलीत बसला की जेवढे लागेल तेवढेच. दगडांची गाडी त्याच्या मागून आता मुकाट्याने येऊ लागली.

यात्रेचा दिवस उजाडला. ऊन रणरणत होते. बारा गाड्या माणसांनी ओसंडत होत्या. नथू कमरेला दोर बांधून उभा राहिला, आणि तेवढ्यात गर्दीतून वाट काढत भिला पुढे आला, हातात पाण्याचा गडू. वर्षभराने तो लोकांत आला होता. त्याने गडू पुढे केला आणि नथू सगळ्यांदेखत पाणी प्यायला. पंचांपैकी एक जण ओरडला, "अरे, भगत पाणी पितो!" गलका वाढला. बाबांनी काठी उंच केली. "मीही पीत होतो, आणि माझ्या गाड्या कधी थांबल्या नाहीत. कुणाला आठवत असेल तर सांगा." म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि होकारार्थी माना हलवल्या. गलका बसला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

नथूने दोराला अंग दिले. चाके करकरली, पहिली गाडी हलली, मग दुसरी, मग सगळी माळ. भिला बाजूने धावत होता. चिंच जवळ आली तसे लोकांचे आवाज बंद झाले. नथूची छाती भात्यासारखी चालत होती, घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुढची वाट लख्ख दिसत होती. चिंच आली आणि मागे पडली. एकच आरोळी उठली. गाड्यांतली माणसे उभी राहून ओरडू लागली, बायका माडीवरून भंडारा उधळू लागल्या, आणि नथू पळत सुटला! खरोखर पळत सुटला, बारा गाड्या मागे घेऊन, थेट देवळाच्या पायरीपर्यंत.

लोकांनी त्याला उचलले. गळ्यात हार पडले. मघाशी ओरडलेला पंच गर्दीत घुसून कौतुकाने विचारू लागला, "नथू, खरं सांग, किती पाणी प्याला रे? आम्हीही तेवढंच पिऊ!"

नथू उत्तर देणार होता. पण त्याची नजर भिलाकडे गेली. एवढी वाट उन्हात धावलेला, धापा टाकणारा, ओठ पांढरे पडलेला भिला. पाणी द्यायच्या नादात त्याने स्वतः घोटही घेतला नव्हता. नथू लोकांच्या खांद्यांवरून खाली उतरला, भावाच्या हातातला गडू घेतला आणि पायरीजवळच्या रांजणातून भरून त्याच्याच तोंडाशी धरला. "दादा, आधी तू पी."

आणि भिला देवळापुढच्या भर चौकात, खंडेरायाच्या समोर, सगळ्या गावाच्या देखत मान वर करून घटाघटा पाणी प्यायला. कुणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली, ती दोघांच्याही डोक्यावर पडली.